हाताची परीक्षा

माझ्या हातून मेलेल्या उंदरांचा आकडा कुणी विचारला, की मी तीस हजार सांगते. खरा त्याहून जास्तच असेल. सव्वीस वर्षं जीवशास्त्र विभागाचं प्राणीगृह माझ्या ताब्यात आहे: तळघरातल्या तीन खोल्या, चारशे पिंजरे, एक पोलादी टेबल आणि फरशीच्या मधोमध गटाराची जाळी. वरच्या मजल्यावर बसून जे लोक यकृताच्या पेशींवर लेख लिहितात, त्यांना ते यकृत खालून कुणीतरी काढून पाठवतं, याची आठवण राहत नाही. ते कुणीतरी म्हणजे मी. मुलं तोंडावर मला बाई म्हणतात आणि पाठीमागे यमबाई. मला दोन्ही चालतं.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी माझ्याकडे खाली यावंच लागायचं. नियमावलीत त्याचं नाव भलंमोठं होतं, आम्ही त्याला हाताची परीक्षा म्हणायचो. एक जिवंत उंदीर आणि आपले दोन हात. औषध नाही, यंत्र नाही. मानेचा मणका एका झटक्यात तोडायचा. नीट झालं तर उंदराला कळायच्या आत सगळं संपतं. मी बाजूला उभी राहून बघायची आणि कागदावर सही करायची. माझी सही नसेल तर पदवी नाही, मग बाकीचे गुण आभाळाला का टेकलेले असेनात.

ही परीक्षा मी सुरू केलेली नव्हती, पण माझा तिच्यावर जीव होता हे कबूल करते. ज्याला उंदराचं यकृत हवं, त्याने एकदा तरी तो उंदीर स्वतःच्या हाताने मारावा, आणि त्याला दुखू न देता मारावा, एवढंच माझं म्हणणं. ज्यांना हे पटत नसे त्यांच्याशी मी वाद घालत नसे. त्यांना मी नापास करत असे.

आणि मग माझी स्वतःची लेक माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

एकुलती एक लेक. लहानपणी मुंग्या ओलांडून चालायची. तिला मी परोपरीने सांगितलं होतं, झाडांकडे जा, पक्ष्यांकडे जा. पण नाही, बाईसाहेबांना यकृतच हवं होतं. चार वर्षं तिने दुसऱ्यांनी मारलेल्या उंदरांवर काम केलं, आणि खरं सांगायचं तर फार चांगलं केलं. प्रबंध बांधून तयार होता. परगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. राहिली होती ती फक्त माझी सही. पहिल्या वेळी तिने उंदीर हातात घेतला आणि जाळीवर ओकली. दुसऱ्या वेळी पकड ढिली पडली, उंदराने तिच्या अंगठ्याचा लचका तोडला आणि ती रक्ताळलेला हात छातीशी धरून जिना चढून पळाली. तिसरी वेळ शेवटची असते. ती कधीही घेता येत होती, म्हणून ती घेतच नव्हती.

त्या तिसऱ्या वेळेचं नाव काढलं की घरात भांडी उडायची. उडायची हे मी उगाच म्हणत नाही. एकदा जेवताना मी म्हणाले, "दोन सेकंदांचं काम आहे. तेवढ्यासाठी चार वर्षं पाण्यात घालणार आहेस का?"

"मग तूच सही करून टाक ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुला त्या उंदरांचं जेवढं वाटतं ना आई, तेवढं माझं कधी वाटलं नाही."

मी उठून तिच्या कानशिलात दिली. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या. तिने पाण्याचा जग उचलून भिंतीवर फोडला. मी ताट भिरकावलं, ते तिच्या कानाजवळून गेलं आणि दाराच्या चौकटीला खोक पाडून खाली आलं. माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो, शांत माणूस आहे. तो गुडघ्यांवर बसून काचा वेचत म्हणाला, "आपल्या घरात उंदीर का शिरत नाहीत ते आज कळलं." कुणी हसलं नाही. त्याचं बोट कापलं होतं, तेही बराच वेळ कुणी पाहिलं नाही.

त्याच सुमाराला विद्यापीठाचं पत्र आलं. प्रत्येक विभागाने आपल्या प्रवेशाच्या आणि अभ्यासक्रमाच्या अटी महिनाअखेरपर्यंत अद्ययावत करून पाठवाव्यात. आमच्या अटी शेवटच्या बदलल्या तेव्हा मी नोकरीला लागलेही नव्हते. जीवशास्त्राच्या प्रवेशासाठी टंकलेखन येणं अजून आवश्यक होतं. समिती बसली. विभागप्रमुख, बगळ्यांवर आयुष्य काढलेले एक प्राध्यापक, ज्यांना सगळे पक्ष्यांचे सर म्हणतात, दोन तरुण प्राध्यापक, त्यांतला एक प्रमुखांच्या बाजूचा आणि एक पक्ष्यांच्या सरांच्या, आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदाच मी. मला खुर्ची मिळाली ती दाराजवळची, जिचा एक पाय आखूड होता.

पहिले तीन दिवस रसायनशास्त्राच्या किती सत्रांची अट ठेवायची आणि सांख्यिकी सक्तीची करायची की नाही, यावर मारामारी झाली, म्हणजे तोंडी. चौथ्या दिवशी हाताची परीक्षा आली.

"माझी मुलं दलदलीत बसून बगळे मोजतात," पक्ष्यांचे सर म्हणाले. "त्यांनी उंदराची मान कशाला मोडायची? काढून टाका ही अट."

"मी मोडली," प्रमुख म्हणाले. "माझ्या सरांनी मोडली. तुमच्या मुलांचे हात काय लोण्याचे आहेत?"

"तुम्ही मोडली म्हणून सगळ्यांनी मोडायची, याला काही अभ्यासक्रम म्हणत नाहीत."

"आणि बगळे मोजण्याला म्हणतात? अहो, ते तर निवृत्त लोक बागेत बसून फुकट करतात."

पक्ष्यांचे सर म्हणजे गरीब गाय. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. ते नुसते उभे राहिले. प्रमुखांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरून हात लांबवून सरांची कॉलर धरली आणि खाली ओढली. सरांची हनुवटी लाकडावर आपटली, दातांवर दात वाजलेले मला दारापाशी ऐकू आले. मग त्या गरीब गायीने शेजारी पडलेली जुनी नियमावली उचलली. कापडी बांधणीची, दोनेक किलोंची. दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि प्रमुखांच्या तोंडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी कुठेही ओळखते. रक्त नव्या मसुद्याच्या पहिल्या तीन पानांवर सांडलं. प्रमुखांनी एका हाताने नाक धरलं आणि दुसऱ्या हाताने सरांचा कान पिरगळला, आणि दोघे खुर्चीसकट माझ्या पायांशी येऊन पडले. तरुण प्राध्यापकांपैकी एक दार उघडून पळाला आणि जरा वेळाने चहाचा कप राहिला म्हणून परत आला.

पोलीस कुणी बोलावले नाहीत. बर्फ आणला, रुमाल आणले, पानं पुसली आणि मतदान घेतलं. दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ही अट काढावी याच्या बाजूने मी हात वर केला असता, तर लेक त्याच क्षणी सुटली असती. इतकं सोपं होतं. माझा हात मांडीवर होता आणि तो वर जाईना. सव्वीस वर्षं ज्या एका गोष्टीवर मी उभी होते, ती माझ्याच मुलीसाठी माझ्याच हाताने खोडायची? मी स्वतःवरच चिडत बसले होते, आणि मग मला ती युक्ती सुचली.

"ही अट अभ्यासक्रमाच्या पानावरून काढा," मी म्हणाले, "आणि प्रवेशाच्या पानावर टाका. ज्याला जनावरांवर काम करायचंय त्याने आत येण्याआधीच दाखवावं, त्याला हे जमतं की नाही. पक्षीवाल्यांना माफ, झाडवाल्यांना माफ. चार वर्षं घालवून शेवटी ओकण्यापेक्षा आधीच ओकलेलं बरं."

प्रमुख रुमालाआडून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "वा, बाई," ते म्हणाले. पाच विरुद्ध शून्य.

माझा हिशेब असा होता. नियम बदलले की जुन्या विद्यार्थ्याला निवड करता येते: ज्या नियमांवर आत आलास तेच ठेव, नाहीतर नवे घे. लेक नवे घेईल. नव्या अभ्यासक्रमाच्या पानावर हाताची परीक्षा नाही. प्रवेशाच्या पानावर आहे, पण ती तर चार वर्षांपूर्वीच आत आलेली. माझं तत्त्वही राहिलं आणि मुलगीही सुटली. मी इतकी हुशार आहे हे आजवर कुणी मला सांगितलं कसं नाही, असं मनाशी म्हणत मी घरी गेले.

"खरंच?" लेक म्हणाली. तिने फॉर्म दोनदा वाचला.

"खरंच. इथे सही कर, नवे नियम स्वीकारते म्हणून."

तिने सही केली आणि माझ्या गळ्यात पडली. सात महिन्यांत तिने मला हात लावला नव्हता. तिच्या केसांना प्रयोगशाळेतल्या साबणाचा वास येत होता. नवरा जाऊन केक घेऊन आला आणि कापताना सुरी माझ्या हातात द्यायला त्याने साफ नकार दिला. त्या रात्री आम्ही तिघेही हसलो.

आठ दिवसांनी नोंदणी कचेरीतून बोलावणं आलं. खिडकीच्या काचेपलीकडे बसणारा कारकून सभ्य माणूस होता, चष्मा पुसून पुसून बोलणारा.

"तुमच्या मुलीने नवे नियम घेतलेत," तो म्हणाला. "अभ्यासक्रमाचं पान पूर्ण आहे. प्रवेशाचं पान अपुरं आहे."

"तिचा प्रवेश चार वर्षांपूर्वीच झालाय."

"जुन्या नियमांनी झाला. ते तिने सोडले ना आता. नवे घ्यायचे तर सगळे घ्यावे लागतात, बाई, दोन्ही पानं. अर्धं जुनं, अर्धं नवं नाही चालत."

"मग जुनेच ठेवा."

"एकदा सही केली की परत फिरता येत नाही. फॉर्मवर लिहिलंय तसं." त्याने चष्मा पुसला. "शुक्रवारी पाचपर्यंत ती अट पूर्ण झाली नाही, तर प्रवेश रद्द होईल. रद्द म्हणजे पहिल्या दिवसापासून रद्द. चार वर्षांचे गुण, प्रबंध, सगळंच."

हे मला ठाऊक होतं. हीच तर गंमत. अर्धं अर्धं चालत नाही, हे मी स्वतः कितीतरी मुलांना खडसावून सांगितलेलं आहे. पण आम्ही आत बसलेली माणसं प्रवेशाचं पान कधी वाचतच नाही. ते पान बाहेरच्यांसाठी असतं. आमच्यासाठी नियम म्हणजे अभ्यासक्रमाचं पान, आणि तिथून अट उचलली की ती जगातून गेली, असंच आम्हा पाचही जणांना वाटत असणार. निदान मला वाटलं होतं. जुन्या नियमांत लेकीने तिसरी वेळ कधीच घेतली नसती तरी तिचे गुण तिच्या हातात राहिले असते. मी तिला तिथून उचलून कड्यावर नेऊन ठेवलं होतं.

मी खिडकीच्या फटीतून हात घालून त्याचा लोखंडी शिक्का उचलला आणि काचेवर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच फुटली आणि एक तुकडा त्याच्या भुवईवर बसला. तो बिचारा कपाळ दाबून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या हातातून रक्त येतंय." मला काहीच जाणवत नव्हतं.

तशीच मी प्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांच्या नाकावर पांढरी पट्टी होती आणि दोन्ही डोळ्यांखाली जांभळं झालं होतं.

"सर, नवे नियम घेतले की दोन्ही पानं लागतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मतदानाच्या आधीपासून. तुम्ही विचारलं नाहीत."

"तिला सूट द्या."

"अट तुमची आहे, बाई. शब्दसुद्धा तुमचेच आहेत."

"मग परीक्षा दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. मी आई आहे तिची."

"दुसऱ्या कुणाला येते? तुम्हीच घ्या." ते हसले, पण नाक दुखल्यामुळे हसू अर्ध्यातच राहिलं. "तुमच्याबद्दल कुणी शंका घेणार नाही. तुम्ही तिला सोडणार नाही, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे."

मी हात मागे नेला आणि सगळ्या ताकदीनिशी त्या पट्टीवर मारला. ते किंचाळत खुर्चीतून खाली घसरले. त्या आठवड्यात मी केलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच मला अजून बरी वाटते.

घरी मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर लेक दारापाशी गेली आणि चौकटीवर कपाळ आपटायला लागली, एका लयीत, जीव खाऊन. नवऱ्याने तिला मागून धरलं. तिने त्याच्या दंडाला चावा घेतला, कातडं निघेपर्यंत, आणि त्याने हात सोडला नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता. लग्नाला तीस वर्षं झाली, त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तू आधी हात वर केला असतास तर?" तो म्हणाला.



बऱ्याच वेळाने लेक शांत झाली. कपाळावर टेंगूळ आलं होतं. "शुक्रवारी चार वाजता येते," ती म्हणाली.

बुधवार आणि गुरुवार मी तिला मेलेल्या उंदरांवर शिकवलं. अंगठा कुठे, तर्जनी कुठे, जोर कोणत्या क्षणी, आणि तो क्षण आला की थांबायचं नाही. मेलेल्या उंदरांवर तिचं काम स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की मला आशा वाटायला लागली. आम्ही दोघी एका टेबलाशी उभ्या राहून काम करत होतो, आणि ते दोन दिवस, लाज वाटते सांगायला, मला सुखाचे गेले.

शुक्रवारी ती चारला पाच मिनिटं असताना खाली आली. मी मधल्या वजनाची, शांत स्वभावाची मादी निवडून ठेवली होती. दार लावलं, पंखा सुरू केला. मग नियम वाचून दाखवला, कारण तो सगळ्यांना वाचून दाखवायचा असतो. उंदीर एकदा विद्यार्थ्याच्या हातात दिला की परीक्षकाने त्याला हात लावायचा नाही. लावला, तर परीक्षा तिथेच संपली, विद्यार्थी नापास. आधी मुलं अर्धवट काम करून उंदीर परीक्षकाच्याच हातात कोंबायची, म्हणून तो नियम आला होता. आणि मी तो किती वेळा मोडलाय, गणती नाही. उंदीर कळवळला की दुसऱ्या सेकंदाला मी मुलाला बाजूला ढकललेलं असायचं आणि काम संपवलेलं असायचं. मग नापास लिहायचं. जनावर आधी. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

मी तिच्या हातात उंदीर दिला आणि मागे सरले.

तिचे ओठ पांढरे पडले होते, पण पकड बरोबर होती. अंगठा जागेवर, तर्जनी जागेवर. तिने श्वास घेतला आणि शेपूट मागे ओढलं. आणि ओढता ओढता, शेवटच्या केसाएवढ्या अंतरावर, ती थांबली.

उंदीर मेला नाही. पाठ तुटली. मागचे पाय लुळे पडले आणि पुढचे दोन पाय पोलादावर खरडायला लागले. तो ओरडत होता. उंदराचं ओरडणं माणसाच्या कानाला पुरतं ऐकू येत नाही, उरलेलं फार उंच असतं. पिंजऱ्यांना मात्र सगळं ऐकू येतं. शेजारच्या दोन्ही खोल्यांतले पिंजरे खडखडायला लागले.

माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो ओढून मागे घेतला आणि पाठीमागे दुसऱ्या हातात घट्ट धरला. घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"आई," ती म्हणाली.

"तू कर."

"आई, कर ना. त्याला दुखतंय."

"मी हात लावला तर संपलं सगळं. तू कर."

तिने पुन्हा पकडायला हात घातला. उंदराने हातमोज्यातून तिचं बोट फोडलं. तिने हात झटकला आणि तो टेबलावरून खाली पडला, फरशीवर, ओल्या पोत्यासारखा, आणि पुढच्या पायांवर सरपटत जाळीकडे जायला लागला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, फरशीवर त्याची रेघ उमटत होती. ती गुडघ्यांवर बसली. तिने धरलं, सुटलं. पुन्हा धरलं, चुकीच्या जागी दाबलं, तो आणखी ओरडला. ती रडत होती आणि तोंडाने काहीतरी बोलत होती, उंदराशी की माझ्याशी ते कळत नव्हतं. चार वाजून आठ मिनिटं. माझी नखं माझ्याच तळव्यात रुतली होती. दोन पावलांवर होता तो. दोन पावलं आणि एक झटका, डोळे मिटूनही मला जमलं असतं. तीस हजारांमध्ये एकालाही मी इतका वेळ जिवंत ठेवलं नव्हतं. चार वाजून नऊ. मी उभी राहिले.

मग तिचं रडणं थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नीट, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं. मग खाली वाकली, डाव्या हाताने मान धरली, फरशीवर दाबली आणि उजव्या हाताने शेपूट ओढलं. अगदी बरोबर. आवाज झाला. पिंजरेही हळूहळू गप्प झाले. ती मात्र कितीतरी वेळ तशीच दाबून बसली होती.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"चार मिनिटं."

"मग लिही."

फॉर्मवर वेळेचा रकाना असतो. पाच सेकंदांच्या वर गेलं की नापास. तिच्या डोळ्यांदेखत मी तिथे 'दोन सेकंद' असं लिहिलं आणि सही केली.

"तू हात लावायला हवा होतास," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी नापास झाले असते, तरी मला चाललं असतं."

"मला नसतं चाललं," मी म्हणाले.

ते खरं होतं.

तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले, कागद घेतला आणि जिना चढून गेली. कचेरी बंद व्हायला अजून बराच वेळ होता. उंदीर जाळीपाशी पडला होता, एक पाय जाळीच्या भोकात अडकलेला. त्याला हात लावायला आता काहीच हरकत नव्हती, पण माझा हात होईना.